रबरबँड की बोल्ट: ट्रेनर विमानाच्या पंखाचा तीन ऋतूंनंतरचा अनुभव

आधीच सांगून टाकतो. रिमोटने उडवायच्या मॉडेल विमानाच्या या किटमधली सगळ्यात गावठी दिसणारी गोष्ट म्हणजे रबरबँडने बांधायचा पंख, आणि सगळ्यात विचार करून केलेली गोष्टही तीच. हिवाळ्यात विमान बांधून झालं, मग उन्हाळा आणि अख्खा पावसाळा काढला. मधले काही महिने ते बोल्टवरही उडवलं. आता लिहायला हरकत नाही.

किट म्हणजे नेहमीचा हाय-विंग ट्रेनर, म्हणजे धडाच्या वर पंख असलेलं शिकाऊ विमान. लेझरने कापलेला बाल्सा (हलकं, मऊ लाकूड) आणि प्लाय, दीड मीटरचा पंख, कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) २४० मिमी, बॅटरीसकट वजन १.४ किलोच्या आसपास. कंपनीचं नाव देत नाही, कारण या पद्धतीची ट्रेनर किटं बरीच मिळतात आणि पंखाचं गणित सगळीकडे जवळपास तेच असतं. यात पंख बसवायचे दोन पर्याय दिलेत. एक, फ्युजलाजमधून (विमानाच्या धडातून) आडव्या जाणाऱ्या दोन लाकडी डॉवेलवर (गोल दांड्यांवर) रबरबँड ताणून. दुसरा, पुढे पंखातून निघालेला डॉवेल फ्युजलाजच्या भोकात सरकवायचा आणि मागे दोन नायलॉन बोल्ट आवळायचे. माहितीपुस्तिकेत या सगळ्याला अर्धं पान दिलंय. मोटर बसवायला मात्र चार पानं!

पंख बसवण्याआधी त्याचे दोन अर्धे जोडावे लागतात. इथे घाई नको. मध्ये प्लायचा ब्रेस (जोडपट्टी) जातो आणि पंखाचा सगळा भार त्याच्यावर येतो. इन्स्टंट ग्लू इथे नको, तो ठिसूळ असतो आणि हलवाहलव करायला वेळ देत नाही. रात्रभर सुकणारं साधं अ‍ॅरल्डाइट उत्तम. दोन्ही बाजूंना तीन-तीन अंशांचा डायहेड्रल (टोकांकडे वर चढत जाणारा पंखाचा कोन) हवा असेल तर एक अर्धा टेबलावर सपाट ठेवून दुसऱ्याचं टोक ७८ मिमी उचलायचं आणि खाली पुस्तकांची थप्पी लावून सकाळपर्यंत विसरून जायचं. सपाटपणा तपासायला स्वयंपाकघरातला कडप्प्याचा ओटा माझ्या वर्कबेंचपेक्षा सरस निघाला. घरच्यांची परवानगी ज्याची त्याने काढावी.

पंख जिथे टेकतो ती बैठक, म्हणजे सॅडल, हा या किटचा कच्चा भाग. लेझरने कापलेल्या दोन्ही बाजू सारख्या असतात, पण चिकटवताना अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. पंखाच्या पोटाला सँडपेपर चिकटवून तो बैठकीवर हलका घासला की उंचवटे निघून जातात. एअरफॉइल (पंखाच्या छेदाचा आकार) क्लार्क वाय असल्याने काम सोपं होतं, कारण पुढचा तीस टक्के भाग सोडला तर त्याचं पोट सपाट असतं. १९२२ सालचं हे डिझाइन. १९२७ मध्ये वैमानिक लिंडबर्गने अटलांटिक ओलांडला त्या विमानालाही हाच छेद होता. शंभर वर्षांनंतरही शिकाऊ माणसाला यापेक्षा दिलदार एअरफॉइल मिळत नाही.

मागची कड एक मिलिमीटर वर-खाली झाली तर २४० मिमीच्या कॉर्डवर पंखाचा कोन पाव अंशाने बदलतो. म्हणून बैठकीवर फोमची पट्टी लावणार असाल तर पुढे-मागे एकाच जाडीची लावा. मागे जाड पट्टी लागली तर मागची कड उचलली जाते, कोन कमी होतो आणि मोटर सुरू केली की विमान नाक खाली घालत राहतं. मग लोक एलिव्हेटरचा (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या झडपेचा) ट्रिम, म्हणजे कायमची बारीक दुरुस्ती, देत बसतात.

सरळपणा तपासायला दोरा पुरतो. शेपटीच्या मध्यावर टाचणी, तिथून दोन्ही पंखटोकांपर्यंत दोरा, दोन्ही अंतरं सारखी हवीत. पंख एका अंशाने फिरला तर एक टोक १३ मिमी पुढे आणि दुसरं तेवढंच मागे जातं, आणि दोऱ्यात फरक जवळजवळ १८ मिमी दिसतो. त्यामुळे तीन-चार मिलिमीटरसाठी झोप उडवून घेऊ नये. एकदा जुळलं की पंखावर आणि फ्युजलाजवर मार्करने रेघ मारून ठेवायची. रबरबँडवाल्यांसाठी ही रेघ फार महत्त्वाची, कारण त्यांचा पंख दर वेळी नव्याने बसतो.

आता खुद्द रबर. जुना ठोकताळा असा की वजनाच्या दर पौंडाला दोन बँड. १.४ किलो म्हणजे तीन पौंड, म्हणजे सहा. मी आठ लावतो. पंखाचं स्वतःचं वजन ३५० ग्रॅम, म्हणजे खाली लटकणारा भार साधारण एक किलो. लूप (हवेत उभा गोल) घेताना चार जी, म्हणजे वजनाच्या चौपट ओढ, आले तर तो सव्वाचार किलोच्या आसपास जातो. बँडचा आधीचाच ताण यापेक्षा जास्त असला की पंख बैठकीवरून उचलला जात नाही. हिशोब एवढाच. शेवटचे दोन बँड तिरके, एकमेकांना छेद देणारे लावायचे, म्हणजे आधीचे डॉवेलवरून निसटत नाहीत. मागच्या कडेवर प्लायची पातळ चकती चिकटवा, नाहीतर बँड बाल्सात रुततात. किटमध्ये ही चकती दिलेलीच नाही.

भाजीच्या जुडीला असतात ते बारीक बँड चालत नाहीत. पाव इंच रुंद बँड स्टेशनरीच्या घाऊक दुकानात मिळतात. कुणीतरी सायकलच्या ट्यूबचे तुकडे सुचवले, पण ते एवढ्या अंतरावर ताणलेच जात नाहीत. स्कूटरच्या ट्यूबचे पुरतात, पण कात्रीचा एक खाचा राहिला की तिथूनच फाटतात. मी नाद सोडला. उन्हाळ्यात गाडीत राहिलेले बँड चिकट होतात, म्हणून डब्यात टाल्कम पावडर घालून ठेवतो आणि चिरा दिसल्या की सरळ फेकतो. माझी मोटर इलेक्ट्रिक आहे. ग्लो इंजिनवाल्यांनी तेलाने माखलेले बँड साबणाच्या पाण्यात धुवावेत.

आता बोल्ट. दिसायला छान. रेघ बघायची गरज नाही, पंख रोज त्याच जागी बसतो, आणि वाऱ्याच्या दिवशी विमान हातात घट्ट वाटतं. पण किटमध्ये सहा मिलिमीटरचे बोल्ट दिलेत, आणि १.४ किलोच्या विमानाला ते फार दणकट आहेत. नायलॉन वापरतात तो धक्का बसल्यावर तुटावा म्हणूनच. नांगरलेल्या रानात उतरताना पंखाचं टोक ढेकळाला लागलं, बोल्ट शाबूत राहिले आणि ज्यात ते आवळले जातात ती आतली प्लायची प्लेट चिकटवलेल्या जागेवरून उखडली. दुरुस्तीसाठी फ्युजलाजचं पोट उघडावं लागलं. नंतर चार मिलिमीटरचे बोल्ट लावले. पुढच्या वेळी ते तुटले आणि पंखाला ओरखडाही आला नाही. प्लेटमध्ये अडकलेला तुकडा काढायला गरम सोल्डरिंग आयर्नने त्यात खाच पाडायची, थंड झाली की स्क्रूड्रायव्हरने उलटा फिरवायचा. नायलॉन उन्हात ठिसूळ होतो, म्हणून सीझनला नवे बोल्ट घ्यावेत.

असेच धक्के रबरबँडवरही बसले. एकदा तर विमान उभ्या उसात शिरलं. पंख उडून बाजूला पडला, बँड गोळा केले, आयलरॉनची (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखाच्या झडपेची) वायर पुन्हा जोडली, दिशा तपासली आणि पुन्हा उडवलं. ती वायर पंख आणि बैठकीच्या मध्ये चेंगरत नाही ना, हे मात्र दर वेळी बघावं लागतं. दोन्ही पद्धतींत.

रबरबँडचा आणखी एक फायदा पुस्तिकेत लिहिलेलाच नाही. सपाट पोटामुळे पंख पाच-सहा मिलिमीटर पुढे-मागे सरकवता येतो. सीजी (विमानाचा गुरुत्वमध्य) पंखाच्या पुढच्या कडेपासून ६० ते ७२ मिमीवर हवा. बॅटरी थोडी जड घेतली तर नाकात-शेपटीत शिसं भरण्याऐवजी पंखच सरकवला. बोल्टवर हे शक्य नाही.

पावसाळ्यात कव्हरिंग (पंखावर ताणून बसवलेलं आवरण) ढिलं पडलं आणि उजव्या पंखाला पीळ आला. उलटा पीळ देऊन इस्त्री फिरवली, बसला. बैठक मात्र जशीच्या तशी होती.

पहिलंच विमान असेल तर हे किट घ्या, रबरबँडवर बांधा, आणि बोल्टची प्लेट आत चिकटवून ठेवा. ती नंतर घालायला जागा मिळत नाही. आयलरॉनवर हात बसलेला असेल आणि उतरायला सपाट धावपट्टी असेल तर बोल्ट लावा, पण चार मिलिमीटरचे, आणि डब्यात चार जास्तीचे ठेवा.