एमसीबी पडायची थांबली, पण आतून वायर भाजत होती

आमच्या सोसायटीला एका इलेक्ट्रिकल कंत्राटदाराने पैशाला तर फसवलंच, शिवाय अख्ख्या तळघरातल्या गाड्यांना आगीच्या तोंडी दिलं. शाळा, मंगल कार्यालयं, हॉस्पिटलं, जिथे ट्यूबलाइटच्या लांबच लांब रांगा आहेत तिथे हेच होऊ शकतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

इमारत पिंपरी-चिंचवडमधली, जुनी. तळघराच्या पार्किंगमध्ये ३६ वॅटच्या, तांब्याच्या चोकवाल्या ट्यूब. एका सर्किटवर तब्बल ३० ट्यूब, त्यांना १० अँपिअरची एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) आणि दीड एमएमची वायर. उन्हाळा लागला आणि एमसीबी रोज पडायला लागली. लाइट लावल्याबरोबर नाही, तासाभराने. वॉचमनने दांडी वर करायची, थोड्या वेळाने पुन्हा अंधार.

कंत्राटदाराने कमिटीसमोर कागदावर हिशेब मांडला. ३६ गुणिले ३०, भागिले २३०, म्हणजे पावणेपाच अँपिअरही नाही. “साहेब, लोड निम्मासुद्धा नाही. तुमची एमसीबीच बोगस आहे. डी-कर्व्हची, म्हणजे क्षणिक झटका जास्त सोसणारी, इंपोर्टेड टाकतो.” ती आली, दामदुप्पट भावाने. तरीही पडायचं थांबेना. मग त्याने तळघरातल्या लाइटच्या सगळ्याच एमसीबी बदलल्या. बिलावर लिहिलं ‘१० अँपिअर, सी-कर्व्ह, हेवी ड्यूटी’. या वेळी मात्र पडणं एकदम बंद. सगळे खूश. वर त्याने त्याच सर्किटवरून गाड्या धुण्याच्या पंपाचं कनेक्शन काढून दिलं आणि त्याचे वेगळे पैसे लावले.

काही दिवसांनी वॉचमन सांगायला आला, की खांबाजवळ जळका वास येतोय. आम्ही परवानाधारक सुपरवायझरला बोलावलं. त्याने जंक्शन बॉक्स उघडला. लाल वायर तपकिरी पडली होती. बोटाने जरा वाकवली तर वरचं आवरण तडकून हातात आलं. मग डीबी, म्हणजे एमसीबींची पेटी. एमसीबीवर ‘लाइट १० अँप’ असा छापील स्टिकर होता. त्याने नखाने एक कोपरा उचलला. खाली कंपनीने छापलेलं होतं: सी ३२.

अशा तीन एमसीबी, बत्तीस अँपिअरच्या, दहाच्या म्हणून विकलेल्या. पाइपातून ओढलेली दीड एमएमची तांब्याची वायर साधारण पंधरा अँपिअरची. एमसीबी असते ती वायर सांभाळायला, ट्यूब सांभाळायला नाही. बत्तीसची एमसीबी पडायच्या आधी ही वायर जळून गेली असती.

आता त्या हिशेबातली लबाडी. सुपरवायझरने पंप बंद करून टाँग टेस्टर (वायरीभोवती पकडून करंट मोजायचं यंत्र) लावला, तर नुसत्या ट्यूबचा करंट पावणेतेरा अँपिअर निघाला. तांब्याच्या चोकचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटचा किती भाग खऱ्या कामाला लागतो ते प्रमाण), कपॅसिटर नसेल तर, ०.५ च्या आसपास असतो आणि चोक स्वतः आठ-दहा वॅट खातो. त्यामुळे ३६ वॅटची ट्यूब ०.१६ नाही, ०.४३ अँपिअर ओढते. ज्याने आयुष्यभर चोक बसवले त्याला हे ठाऊक नसेल, हे मी मानायला तयार नाही. आणि डी-कर्व्ह तर निव्वळ लूट होती. कर्व्ह बदलला की फक्त क्षणात पडण्याची मर्यादा बदलते: बी मध्ये रेटिंगच्या ३ ते ५ पट, सी मध्ये ५ ते १०, डी मध्ये १० ते २०. तापून हळूहळू पडण्याचा भाग तिन्हींत सारखाच. मानकाप्रमाणे १० ची एमसीबी ११.३ अँपिअरला तासभर टिकली पाहिजे आणि १४.५ ला तासाच्या आत पडलीच पाहिजे. आमचा लोड या दोहोंच्या मधला. त्यात हे आकडे ३० अंश तापमानाचे, आणि तळघरातल्या बंद डीबीत उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त गरम होतं. म्हणजे आमची जुनी एमसीबी अगदी बरोबर काम करत होती!

म्हणून एमसीबी पडत असेल तर ती कधी पडते हे आधी वॉचमनला विचारा. बटण दाबताक्षणी पडत असेल आणि इलेक्ट्रॉनिक चोक किंवा एलईडी असतील, तर चालू होतानाचा क्षणिक झटका हे कारण असू शकतं. तिथे बी ऐवजी सी कर्व्ह किंवा एका एमसीबीवर कमी दिवे, हा खरा उपाय. वेळाने पडत असेल तर लोड जास्त आहे, नाहीतर जोड सैल. आपल्याकडच्या वायरिंगच्या मानकांत दिव्यांच्या सर्किटला १० पॉइंट किंवा ८०० वॅट ही मर्यादा फार जुनी आहे. आम्ही जळकी वायर काढली, ३० ट्यूबची तीन सर्किटं केली, प्रत्येकाला १० ची सी-कर्व्ह एमसीबी, पंपाला स्वतंत्र लाइन. आता त्याच ट्यूब, तेच तळघर, आणि सर्किटमागे सव्वाचार अँपिअर.

कंत्राटदार फोन उचलत नाही. त्याच्या एमसीबीवरचा आयएसआयचा सीएम/एल (परवाना) क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला, तर तोही सापडला नाही. विद्युत निरीक्षकांकडे अर्ज दिलाय, ग्राहक आयोगात तक्रार चालू आहे. कुणावर अशी वेळ आली तर काढलेल्या एमसीबी आणि वायरीचे तुकडे भंगारात देऊ नका. स्टिकरसकट फोटो काढा, बिलाला जोडून ठेवा आणि आयोगात जायचं असेल तर दोन वर्षांच्या आत जा.