नव्या डब्यात जुनी क्लच प्लेट, आणि 5,600 रुपयांचा चुराडा

आधी आकडे. क्लच सेट 2,750, टोचन 1,800, फ्लायव्हीलला लेथवर फेस मारायचे 600, दुसऱ्यांदा भरलेलं गिअर ऑइल 450. झाले 5,600. गाडी उभी राहिली तेवढे दिवस बुडालेला धंदा यात धरलेलाच नाही. मी केळीचे वेफर्स दुकानांना पोचवून पोट भरतो. माझी मारुती ओमनी व्हॅन 2008 ची आहे आणि माझं सगळं घर त्या गाडीवर चालतं.

कन्नड घाट चढताना क्लच घसरायला लागला. इंजिन ओरडतंय, गाडी ओढत नाही, जळका वास. चाळीसगावात गॅरेजवाल्याने नुसत्या मजुरीचे 1,500 सांगितले. भाचा आयटीआयचा मोटर मेकॅनिक. ओमनीचं काम खालून होतं: प्रोपेलर शाफ्ट, सेल्फ, केबल, माउंटिंग सोडलं की गिअर बॉक्स खाली येतो. म्हणून अंगणातच काम करायचं ठरवलं. त्यात मला आजही काही चूक वाटत नाही. गाडी मात्र फक्त जॅकवर ठेवून खाली शिरू नका, घोडे (लोखंडी स्टँड) लावाच.

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा सेट मागवला जळगावच्या एका दुकानातून. स्वस्ताच्या मोहात फसला, असं कोणी म्हणू नये. खरा सेट नंतर मी पक्क्या बिलावर 3,050 ला घेतला. म्हणजे चोराने मला फक्त 300 रुपये कमी लावले होते! इतक्या फरकात कोणाला संशय येईल? पैसे फोन पे वर आधी घेतले, पार्सल ट्रॅव्हल्सने आलं. नामांकित कंपनीचा डबा, आत एक हातबिल, त्यावर ‘क्लच सेट 1 नग’. जीएसटी नंबर नाही, दुकानाचा शिक्काही नाही.

आता ती वेळ, जी आठवली की अजून झोप उडते. संध्याकाळ झालेली, गिअर बॉक्स जमिनीवर, जुनी प्लेट बाहेर. भाच्याने नवीन प्रेशर प्लेट हातात घेतली आणि म्हणाला, "मामा, हिच्या बोटांच्या टोकांवर गोल खाच लागतेय, बघा." बोटं म्हणजे तिच्या मधल्या स्प्रिंगच्या पात्या. मी नख फिरवलं. खाच होती. वरून काळा रंग, खाली खाच. रिलीज बेअरिंग वर्षानुवर्षं तिथे घासतं तेव्हाच तशी खाच पडते, नव्या मालावर ती असूच शकत नाही. क्लच प्लेटच्या मधल्या दातांत जुनं ग्रीस वाळून बसलेलं. रिबिट, म्हणजे अस्तर धरून ठेवणारे खिळे, अस्तराच्या जवळजवळ बरोबरीला आलेले. नव्या प्लेटचे रिबिट मिलिमीटरभर तरी खोल असतात.

दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "भाऊ, माल वरिजनल शे, काही काळजी करू नका. कंपनी मशीनवर फिरवून टेस्टिंग करते, त्याचे डाग राहतात." ठासून, एकदाही न अडखळता बोलला. आपल्याच अहिराणी बोलीत बोलणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर? गाडी उघडी पडलेली, दुसऱ्या दिवशीचा माल घरात भरून ठेवलेला, जळगाव 90 किलोमीटरच्या आसपास. सगळं परत बांधून कोण तिकडे जाणार होतं? शेवटी तोच सेट बसवला. हे लोक नेमकं हेच हेरतात. गॅरेजवाला त्यांचा रोजचा गिऱ्हाईक, त्याला असला माल देत नाहीत. घरी काम करणारा एकदाच येतो, खोलल्यावर अडकतो, आणि बिघडलं की ‘तुमची फिटिंग चुकली’ म्हणायला मोकळे.

डबा आला की गाडी खोलायच्या आधी तपासा. खोलल्यावर तुम्ही दुकानदाराच्या ताब्यात असता.

महिन्याच्या आत, त्याच घाटात, मधोमध गाडी मेली. अस्तर रिबिटांवरून सुटलं होतं आणि उघड्या रिबिटांनी फ्लायव्हीलवर चरे पाडले होते. दुकानदाराला फोटो पाठवले. उत्तर आलं, घरी बसवलेल्याला गॅरंटी नाही. नंतर त्याने नंबरच ब्लॉक केला.

पोलीस ठाण्यात गेलो. "काका, 2,750 साठी गुन्हा नोंदवायचा का? ग्राहक कोर्टात जा." मी म्हटलं, कंपनीच्या डब्यात भंगार विकणं ही फसवणूक नाही का? साध्या कागदावर अर्ज घेतला, पोच मागितली तर साहेब नाहीत म्हणाले. पुन्हा गेलो तेव्हा अर्ज सापडत नव्हता! तिथून ग्राहक तक्रारींच्या एका कार्यालयात. तिथला माणूस कागद न वाचताच म्हणाला, तुमची गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहक होत नाही. मी मान खाली घालून परत आलो. घरी येऊन ग्राहक संरक्षण कायदा 2019 उघडला, तर कलम 2(7) च्या स्पष्टीकरणात स्वच्छ लिहिलंय की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच वस्तू घेतली असेल तर तो व्यावसायिक हेतू धरला जात नाही. सरकारी पगार घेणारा माणूस, रोज याच विषयाच्या खुर्चीत बसतो आणि गरिबाला चुकीचा कायदा सांगून दारातून परत पाठवतो. माझ्यासारखे किती जण असेच परत गेले असतील! दुकानदाराने पैसे खाल्ले, पण त्याच्यापेक्षा मला याचा राग जास्त आहे.

अर्जाची पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका. दखलपात्र गुन्हा असून नोंदवत नसतील तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी पाठवता येतं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173(4). ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत 2 वर्षं, वकीलही सक्तीचा नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकून तक्रारीचा नंबर घ्या.

डब्यावर एमआरपी, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि उत्पादकाचा पत्ता नसेल, किंवा एमआरपीवर दुसरं स्टिकर चिकटवलेलं असेल, तर पार्सल तिथेच परत करा. उघडताना व्हिडिओ काढा. बेअरिंग हाताने फिरवून पाहा, कोरडं खडखडलं तर ते वापरलेलं आहे. पक्कं बिल मागितल्यावर जो ‘टॅक्स लागेल भाऊ’ म्हणतो त्याच्याकडून साधा बल्बही घेऊ नका.

मी ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. सुटलेली प्लेट, डबा, हातबिल, फोन पे ची पावती सगळं जपून ठेवलंय, कारण आयोग गरज पडली तर माल प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कोणाला असा रंगवलेला सेट मिळाला असेल तर तो भंगारात घालू नका, बिल आणि फोटोसकट तुमचीही तक्रार टाका.