हरकती आणि सूचना: फुकट मिळणाऱ्या एका सरकारी सेवेचं परीक्षण

शहराचा प्रारूप विकास आराखडा, म्हणजे कुठे घरं, कुठे रस्ता, कुठे मैदान हे ठरवणारा मसुदा, जाहीर झाला की वर्तमानपत्रात अर्धं पान भरून बारीक टायपात जाहीर सूचना येते. शेवटच्या परिच्छेदात लिहिलेलं असतं की नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना लेखी स्वरूपात अमुक मुदतीत दाखल कराव्यात. ही सेवा फुकट आहे. वकील लागत नाही, आणि त्या शहरात तुमच्या नावावर घर असण्याचीही अट नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये 'कोणतीही व्यक्ती' असा शब्द आहे. भाडेकरू, विद्यार्थी, पथारीवाला, सगळे त्यात आले.

एवढ्यावर पाचपैकी पाच द्यायला हरकत नव्हती. पण खिडकीत कागद देणं आणि तो वाचला जाणं यात जी तफावत आहे, ती धरता अडीचच्या वर जाता येत नाही. त्या अडीचमध्येसुद्धा दीड गुण कायद्याचा आणि एक गुण आवक-जावक टेबलावरच्या शिक्क्याचा.

आधी नकाशाबद्दल. दोन संच असतात: सध्याच्या जमीन वापराचा आणि प्रस्तावित जमीन वापराचा. लोक दुसराच उघडतात आणि तिथेच फसतात. चूक बहुतेक वेळा पहिल्यात असते. सध्याच्या वापराच्या नकाशात मैदान 'रिकामी जागा' म्हणून दाखवलं गेलं, की प्रस्तावित नकाशात तिथे पिवळा रंग, म्हणजे निवासी, आलाच समजा. पार्किंग म्हणून वापरात असलेली जागा, आठवडी बाजार, विसर्जन घाट, मुलांनी वर्षानुवर्षं खेळून खेळून सपाट केलेला माळ, यांची नोंद सर्वेक्षणात हुकली तर पुढे त्यांच्या बाजूने बोलायला कागदच उरत नाही. मुंबईचं उदाहरण ताजं म्हणावं असंच आहे. फेब्रुवारी २०१५ मधल्या मसुद्यात उभ्या इमारतींवरून गेलेले रस्ते आणि गायब झालेल्या वारसा वास्तू निघाल्या. दोन महिन्यांत, एप्रिलमध्ये, राज्य सरकारला तो दुरुस्तीसाठी परत पाठवावा लागला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला आणि मंजुरी २०१८ मध्ये.

संकेतस्थळावर चढवलेली पीडीएफ ही या सेवेची सर्वांत वाईट बाजू. मोठा कागद स्कॅन करून लहान केलेला असतो, तिरप्या रेघांची छपाई एकमेकांत मिसळते, आणि रंगांची सूची भलत्याच पत्रकावर, म्हणजे नकाशाच्या दुसऱ्याच तुकड्यावर, असते. सर्व्हे नंबर वाचता येत नसेल तर तिथे वेळ घालवू नका. कायद्याने आराखडा कार्यालयात पाहायला ठेवावा लागतो आणि फी भरून त्याच्या भागाची प्रत मिळते. तीच घ्या. घरी संगणक असेल तर क्यूजीआयएस हे फुकट सॉफ्टवेअर वापरून ते पत्रक उपग्रहचित्रावर बसवता येतं. जुळवणीला तीन खुणा पुरतात असं सॉफ्टवेअर म्हणतं, पण सहा ते आठ घ्याव्यात, आणि त्या पत्रकाच्या चारही कोपऱ्यांकडे पसरलेल्या हव्यात. खुणा निवडताना जुना पूल, रेल्वे फाटक, विहीर, देऊळ अशा न हलणाऱ्या गोष्टी घ्या. नव्या सोसायटीचा कोपरा किंवा रुंद होत असलेल्या रस्त्याचा चौक घेतला तर सगळं पत्रक दहा-वीस मीटर सरकतं. मग उद्यानाचं आरक्षण (म्हणजे उद्यानासाठी राखून ठेवलेली जागा) शेजारच्या नाल्यात गेलेलं दिसतं आणि त्यावर केलेली हरकत सुनावणीत हसण्यावारी जाते. अर्थात कधी कधी ते खरोखरच नाल्यात असतं.

आता अर्जाचा मजकूर. खिडकीवर रोज येणारा नमुना साधारण असा: 'आमच्या भागात एकही उद्यान नाही, आराखडा बिल्डरधार्जिणा आहे, तो त्वरित रद्द करावा, ही नम्र विनंती.' भावना शंभर टक्के खरी, आणि छाननीच्या तक्त्यात तिला बसवायला एकही रकाना नाही. तक्त्यातले रकाने ठरलेले असतात: सेक्टर (आराखड्याने पाडलेला शहराचा भाग), आरक्षण क्रमांक, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर, हरकतीचं स्वरूप, मागणी. म्हणून अर्जही त्याच क्रमाने लिहायचा. 'सेक्टर अमुक, पत्रक अमुक, आरक्षण क्रमांक अमुक, खेळाचे मैदान, स. नं. अमुक. मागणी: आरक्षण आहे तसे कायम ठेवावे. कारणे: पाचशे मीटर अंतरात दुसरे मैदान नाही, जागा आजही मोकळी आहे, सोबत तारखेसह चार छायाचित्रे, आराखड्याच्या अहवालातील तक्त्यानुसार या सेक्टरमध्ये मैदानांची तूट आहे.' एका पानात बसवा. एका अर्जात एकच जागा. पाच जागांबद्दल लिहायचं असेल तर पाच अर्ज, नाहीतर पहिली जागा नोंदली जाते आणि उरलेल्या चार 'इतर' मध्ये जातात.

त्यातलं शेवटचं कारण सर्वांत वजनदार. आराखड्यासोबत जो जाडजूड अहवाल येतो, त्यात सेक्टरवार लोकसंख्या आणि सोयींची गरज यांचे तक्ते असतात. ते वाचायची तसदी फार थोडे घेतात. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगर नियोजन मार्गदर्शक तत्त्वांत दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळ्या जागेचा मापदंड आहे. ४० हजार वस्तीच्या सेक्टरला त्या हिशेबाने किमान ४० हेक्टर लागतात. आराखड्याने स्वतःचा मापदंड याहून बराच कमी धरलेला असू शकतो. तरी हरकतीत आधी त्यांचाच आकडा वापरा. बाहेरचं मानक 'आदर्शवत' म्हणून बाजूला सारता येतं, स्वतःच्या तक्त्यातली तूट नाकारणं अवघड जातं. मोकळ्या जागांची बेरीज तपासताना एक गोष्ट हमखास पाहावी. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाच्या रेखांकनात (लेआउटमध्ये) दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती सोसायटीच्या फाटकाच्या आत असते, तिथे वॉचमन असतो, आणि बाहेरच्या मुलाला प्रवेश नसतो. ती जागा सार्वजनिक मोकळ्या जागांच्या बेरजेत धरली असेल तर ते लेखी विचारा.

या सेवेतला मोठा दोष मात्र कार्यालयाइतकाच वापरणाऱ्यांचाही आहे. नाव 'हरकती व सूचना' असं असलं तरी लोक फक्त हरकत घेतात. एखाद्या भूखंडावर उद्यानाचं आरक्षण पडलं की जमीनमालक, त्याचे भाऊ, विकसक आणि शेजारचा गाळेवाला असे सगळे मुदतीत अर्ज देतात. त्यांचं नुकसान डोळ्यांसमोर असतं, आणि अर्ज करणं हा त्यांचा पूर्ण हक्क आहे. ज्या दोन हजार कुटुंबांना ते उद्यान मिळणार असतं, त्यांच्यातलं कोणीच काही लिहीत नाही. आराखड्यात उद्यान दाखवलंय, झालं की काम, असं त्यांना वाटतं. फाइल समितीसमोर जाते तेव्हा आरक्षण उठवा म्हणणारे चाळीस अर्ज आणि कायम ठेवा म्हणणारे शून्य. मग 'नागरिकांच्या हरकती विचारात घेऊन' आरक्षण वगळलं जातं, आणि कागदोपत्री ते वाक्य खोटं नसतं. म्हणून पटलेल्या आरक्षणासाठीसुद्धा अर्ज द्या. वर नमुन्यात 'कायम ठेवावे' अशी मागणी मुद्दाम घेतली आहे. पुण्यात १९९७ साली महापालिकेत आलेल्या २३ गावांच्या आराखड्यातलं टेकड्यांवरचं जैवविविधता उद्यान वर्षानुवर्षं वादात राहूनही टिकलं. त्यामागे टेकड्या राखा असं लेखी सांगणाऱ्या, सभेला येणाऱ्या नागरिकांचा मोठा वाटा होता. नुसत्या विरोधावर आरक्षण वाचत नाही.

एकच मजकूर छापून हजार सह्या गोळा करण्याची पद्धत लोकप्रिय आहे. तिचा उपयोग मर्यादित. संख्या बातमीत येते, छाननीत मात्र असे अर्ज एक गट म्हणून एकत्र घेतले जातात. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या २०१३ च्या प्रारूप आराखड्यावर सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या होत्या. हिशेब करून पाहा. प्रत्येकीला तीन मिनिटं दिली तरी ४,३५० तास, म्हणजे रोज आठ तास बसून साडेपाचशेच्या आसपास दिवस. समितीकडे इतके दिवस नसतात. त्यामुळे स्वतंत्र शब्दांत, स्वतंत्र पुरावा जोडलेले वीस अर्ज हे छापील दोन हजारांपेक्षा बरे.

अर्ज दोन प्रतींत न्या. एकीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या, आणि क्रमांक हाताने लिहून दिला तर तो तिथेच वाचून बघा, १ चा ७ होतो. ऑनलाइन भरला तर पोचपावतीचा स्क्रीनशॉट लगेच काढावा, शेवटच्या दोन दिवसांत संकेतस्थळ मान टाकतं. मुदत तीस दिवस, साठ दिवस की वाढवून दिलेली, हे ऐकीव माहितीवर ठरवू नका. जाहीर सूचनेत छापलेलं आणि राजपत्राच्या तारखेपासून मोजलेलंच खरं.

सुनावणी त्याच १९६६ च्या कायद्याच्या कलम २८ खालची नियोजन समिती घेते: स्थायी समितीचे तीन सदस्य आणि राज्य सरकारने नेमलेले, नगररचना व पर्यावरण जाणणारे जास्तीत जास्त चार. रचना कागदावर चांगली आहे. पण महापालिकेत निवडून आलेलं सभागृहच नसेल तर? पिंपरी-चिंचवडचा सुधारित प्रारूप आराखडा मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा तिथे प्रशासक होते. ज्याने आराखडा प्रसिद्ध करायचा, त्याच्याच हाती स्थायी समितीचेही अधिकार. नगरसेवकाला घराबाहेर गाठून 'आमचं मैदान काय झालं' विचारण्याची सोय अशा वेळी नसते, आणि लेखी अर्जाचं महत्त्व तेवढंच वाढतं.

सुनावणीचं पत्र अनेकदा दोन-चार दिवस आधी हाती पडतं, वेळ सकाळी अकराची आणि नंबर दुपारी तीनला. आत गेल्यावर दोन मिनिटं मिळतात असं धरून चला. 'नमस्कार, आम्ही गेली तीस वर्षं...' इथून सुरुवात केली तर तेवढ्यातच संपतं. आधी आवक क्रमांक, मग आरक्षण क्रमांक, मग मागणी, आणि पत्रकाची रंगीत प्रत जागेवर लाल पेनाने गोल करून थेट टेबलावर. जास्तीचं लेखी निवेदन द्यायचं असेल तर तिथेच देऊन त्यावर सही घ्या.

खरी निराशा पुढे आहे. तुमच्या अर्जाचं काय झालं याचं वैयक्तिक उत्तर येत नाही. बदल एकत्रितपणे प्रसिद्ध होतात, आपली जागा त्यात आपणच शोधायची. शिवाय समितीनंतर आराखडा राज्य सरकारकडे जातो आणि तिथे पुन्हा बदलतो. पुण्याच्या जुन्या हद्दीचा वर सांगितलेला आराखडा २०१५ मध्ये सरकारने आपल्या हाती घेतला आणि मंजुरी जानेवारी २०१७ मध्ये दिली. पुणे महानगर प्रदेशाच्या ऑगस्ट २०२१ मधल्या प्रारूपावर तर हजारो हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, आणि २०२५ मध्ये तो आराखडाच रद्द झाला. सुनावणीसाठी बुडवलेल्या रजा कोणी भरून देत नाही.

सरकारने मंजुरीवेळी केलेले मोठे बदल मंजूर भागातून बाजूला काढलेले असतात. नगररचनावाले त्यांना 'ईपी' (एक्सक्लुडेड पार्ट, म्हणजे वगळलेला भाग) म्हणतात, आणि त्यांच्यावर पुन्हा हरकती मागवल्या जातात. ही दुसरी खिडकी बहुतेकांच्या नजरेतून सुटते, कारण मंजुरीची बातमी वाचून सगळे निवांत झालेले असतात. तिसरी खिडकी कलम ३७ ची. मंजूर आराखड्यात एखाद्या जागेपुरता फेरबदल करायचा असला की एक छोटी सूचना येते आणि मुदत एक महिना. मैदानाचं 'सार्वजनिक सुविधा' असं गुळमुळीत रूपांतर अशा छोट्या सूचनांतूनच होतं. झाडतोडीवर हरकत घेण्याची खिडकी सर्वांत लहान, सात दिवसांची. नोटीस खोडावर चिकटवलेली असते, पावसाळ्यात तिसऱ्या दिवशी शाई ओघळते, म्हणून दिसल्या दिवशी फोटो काढायचा. त्यात झाडाची जात, संख्या आणि कारण बघा. 'धोकादायक' लिहिलं असेल तर कोणाच्या तपासणीवरून, हे अर्जात विचारा. झाड पन्नास वर्षांहून जुनं असेल तर राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर ते वारसा वृक्ष ठरतं. तो शब्द अर्जात वापरा.

आरक्षण टिकलं म्हणजे उद्यान झालं, असंही नाही. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत महापालिका हलली नाही तर आरक्षण संपतं. जागा मोकळी होते, कोणाला हरकत विचारली जात नाही. आपल्या भागातल्या मैदानाची अशी नोटीस आली आहे का आणि कोणत्या तारखेला, हे माहिती अधिकारात दहा रुपयांत विचारता येतं. अर्ज मालमत्ता विभागाकडे केला तर तो भूसंपादनाकडे, तिथून नगररचनेकडे फिरतो. पहिल्यांदाच नगररचना विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे टाका, आणि प्रश्न एकच ठेवा: आरक्षण क्रमांक अमुकवर कलम १२७ ची नोटीस प्राप्त झाल्याची तारीख व तिची प्रत.