तारकर्ली की चोडण?

दिवाळीनंतर वडोदऱ्याहून कोकण रेल्वेने जायचं आणि कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, चालवायची एवढं ठरलं असेल, तर प्रश्न उरतो उतरायचं कुठे: तारकर्लीसाठी कुडाळला की गोव्यातल्या चोडणसाठी करमळीला?

मुलं, आजी-आजोबा बरोबर असतील तर माझं मत कुडाळला. तारकर्ली-देवबागला कर्ली नदी समुद्राला समांतर वाहते, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. नदीच्या बाजूचं पाणी संथ, त्यामुळे नवख्याचाही हात लवकर बसतो. संगमाजवळ मात्र पाण्याला ओढ असते, तिथे एकट्याने जाऊ नये. शिवाय मालवणहून होडीने सिंधुदुर्ग. १६६४ साली बांधायला घेतलेल्या या किल्ल्यात शिवराजेश्वराचं, म्हणजे शिवाजी महाराजांचं, मंदिर आहे. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात वाढलेल्या आपल्या मुलांनी ते पाहायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

चोडण हे मांडवी नदीतलं बेट. रायबंदरहून फेरीबोटीने जायचं. खारफुटीतल्या अरुंद खाड्या, चिखलातून टोकं वर काढलेली मुळं, फांदीवर खंड्या. वल्हं थांबवून नुसतं पाहत राहावं. भरती-ओहोटीची वेळ विचारूनच बुकिंग करा, ओहोटीला कयाक गाळात रुतते. सलीम अली पक्षी अभयारण्य इथेच आहे. हिवाळ्यात स्थलांतरित पक्षीही येतात, म्हणून पक्षीवेड्यांनी डिसेंबर-जानेवारीतली सकाळ धरावी.