एकेका डासाच्या डीएनएसाठी सिलिका-कॉलम किट: चांगलं, पण पत्रिकेबरहुकूम नको

एखाद्या बेटावरच्या एडीस इजिप्तीच्या (डेंग्यू पसरवणाऱ्या डासाच्या) जनुकीय अभ्यासाला पुण्यातल्या वितरकांकडे मिळणारं साधं सिलिका-कॉलम किट, म्हणजे सिलिकाच्या छोट्या नळीत डीएनए अडकवून शुद्ध करणारा संच, पुरेसं आहे. मात्र त्याची सूचनापत्रिका २५ मिलिग्रॅमपर्यंतच्या ऊतीसाठी लिहिलेली असते, आणि डास भरतो जेमतेम दोन-तीन मिलिग्रॅम! म्हणून शेवटी कॉलममधून डीएनए सोडवताना २०० ऐवजी ५० मायक्रोलिटर गरम बफर (डीएनए सोडवणारं द्रावण) घाला, पाच मिनिटं थांबा, मगच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा.

रक्त प्यालेल्या मादीचं पोट आधी कापून वेगळं करा. त्या रक्तातलं हीम (लोहयुक्त रंगद्रव्य) पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया, अडवतं. शिवाय शुक्राशयात नराचं वीर्य साठलेलं असतं, त्यामुळे एकाच डासात दोनऐवजी तीन किंवा जास्त अ‍ॅलील (एकाच जनुकाची वेगवेगळी रूपं) दिसू शकतात. डोकं, छाती आणि पाय भरपूर झाले.

ऊती विरघळवायला प्रोटिनेझ के (प्रथिनं तोडणारं विकर) ५६ अंश सेल्सिअसला रात्रभर. धुतल्यावर रिकामा कॉलम पुन्हा जोरात फिरवायलाच हवा. इथेनॉल उरलं की डीएनए तपासायच्या जेलच्या खाचेत नमुना बसत नाही, वर तरंगतो. पुण्याच्या पावसाळ्यात वाळवलेल्या नमुन्यांच्या कुप्यांमधलं ओलावा शोषणारं निळं सिलिका जेल गुलाबी झालं की लगेच बदला.

एक गोष्ट कुठलंच किट सुधारू शकत नाही. एकाच अंडी-सापळ्यातल्या (डासांनी अंडी घालावीत म्हणून ठेवलेल्या भांड्यातल्या) अळ्या अनेकदा सख्खी भावंडं असतात. त्या सगळ्या मोजल्या तर बेटावरच्या दोन गावांमधल्या डासांचा जनुकीय फरक उगाच फुगतो. सापळ्यामागे एकच अळी घ्या.