आचेतलं गाव: पिदीचा भात की गायोची कॉफी?

सुमात्राच्या उत्तर टोकाला आचे प्रांतात एखादं शेतीचं गाव जवळून बघायचंय, पिदी जिल्ह्यात जावं की डोंगराळ गायो भागात, असं मैत्रिणीनं विचारलं.

प्रवासाला पिदी सोपं; प्रांताची राजधानी बांदा आचेहून काही तासांत पोचता येतं. गायोतल्या ताकेंगोनला लांबचा घाटरस्ता.

शेती? पिदीत भात. कोणाच्या खाचरात पाणी कधी सोडायचं हे ‘केउज्रुएन ब्लांग’ म्हणजे शेतीच्या पाण्याचा कारभारी बघतो, आणि लागवडीच्या हंगामाला ‘खंदुरी ब्लांग’ होतं, म्हणजे सगळ्या गावाची दुआ आणि एकत्र जेवण. मला हे फार मोलाचं वाटतं. गायोत साधारण १,२०० मीटर उंचीच्या पुढे अरेबिका कॉफी. बी ओलसर असतानाच टरफल काढून वाळवतात. भाषाही पिदीपेक्षा वेगळी.

गावाची एकजूट समजून घ्यायची तर पिदी. कॉफी आणि गारवा हवा, हाताशी दिवसही आहेत, तर गायो.