वऱ्हाडच्या सपाटीवर हिमालयन ४११

‘शकुंतला’ या छोट्या रेल्वेगाडीच्या नॅरोगेज मार्गाने मूर्तिजापूर ते अचलपूर हे अंतर ७६ किलोमीटर भरते. ऑक्टोबरमध्ये हेच रूळ कधी डाव्या तर कधी उजव्या हाताला ठेवून, लाखपुरी, दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, पथ्रोट असा प्रवास मी रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ या मोटरसायकलवर एकट्याने केला. हमरस्ता टाळून शक्य तितके गावरस्ते धरल्यामुळे दोन दिवसांत अंतर दुपटीहून अधिक झाले. २०१६ साली बाजारात आलेल्या या मॉडेलची जागा आता ४५२ सीसीच्या नव्या गाडीने घेतली आहे. तेव्हा हे परीक्षण जुनी गाडी विकत घेऊ पाहणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यातही ज्यांना लडाखला नव्हे तर आपल्याच शिवारात हिंडायचे आहे त्यांच्यासाठी.

पूर्णेच्या खोऱ्यातील रस्ते नकाशात सरळ दिसतात, पण काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसते, त्यामुळे वरचे डांबर लाटांसारखे वरखाली होते. अशा रस्त्यावर खड्डा निदान दिसतो. लाट दिसत नाही, ती थेट कमरेला कळते. पुढचे २१ इंची चाक आणि पुढच्या सस्पेन्शनची २०० मिलिमीटरची हालचाल यांचे मोल मला इथे उमगले. ताशी ५० च्या वेगाने जाताना हँडल हातात स्थिर राहिले आणि संध्याकाळी पाठ दुखली नाही. २४.५ पीएस (अश्वशक्तीचे एक माप) ही ताकद कागदावर बेताची वाटते. पण कपाशीने भरलेल्या बैलगाडीमागे तिसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत जाऊन, वाट मिळताच गिअर न बदलता पुढे निघता येते, हे ३२ न्यूटन मीटरच्या टॉर्कचे, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराचे, काम. नव्या गाडीच्या ४० पीएसना या रस्त्यांवर वाव कुठे आहे, हे मला तरी दिसले नाही.

टाकी १५ लिटरची आहे. मला लिटरमागे साधारण तीस किलोमीटर मिळाले, म्हणजे आडगावात पेट्रोल शोधण्याची वेळच आली नाही. पाणी मात्र सोबत हवे, कारण हा खारपाणपट्टा आहे; हापशाचे पाणी तोंडात घेताच खारट लागते. मागच्या कॅरिअरवर पाच लिटरचा कॅन दोरीने नीट बसतो.

आता वजनाविषयी. बीएस-६ या प्रदूषण-मानकाच्या गाडीचे वजन १९९ किलो आहे आणि डांबरावर ते जाणवत नाही. दर्यापूरच्या पुढे, आदल्या रात्री परतीचा पाऊस झालेला असताना, मी एका पांदण रस्त्याने, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेने, निघालो. बांधावरच्या शेतकऱ्याने, ‘पांदनीनं नोका जाऊ भाऊ, गाडी फसते,’ असे बजावले होते. २२० मिलिमीटरच्या ग्राउंड क्लिअरन्सच्या (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतच्या उंचीच्या) भरवशावर मी ते ऐकले नाही. शंभर पावलांत पुढचे चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल इतका ठासून बसला की चाक फिरेना. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, काडीने तो उकरून काढायचा, चार हात पुढे सरकायचे आणि पुन्हा उकरायचे, असे पाऊण तास चालले. अखेरीस त्याच शेतकऱ्याने मागून रेटा दिला आणि सौजन्य असे की, एक शब्दही बोलला नाही. चूक सर्वस्वी माझी होती, परंतु हलकी गाडी असती तर ती मला एकट्याला मागे ओढता आली असती. एकट्याने हिंडणाऱ्याने हा हिशोब आधीच करावा.

चाके तारांची आणि टायर ट्यूबचे असल्याने अनेक जण नाक मुरडतात. पथ्रोटच्या अलीकडे बाभळीचा काटा मागच्या चाकात शिरला, तेव्हा मीही मुरडले. गावातल्या पंक्चरवाल्याने गाडी डबल स्टँडवर घेतली, दोन टॉमी लावून टायर उकलला, पाण्याच्या घमेल्यात ट्यूब फिरवून बुडबुडे शोधले आणि ठिगळ चिकटवले. तोवर मी समोरच्या टपरीवर दोन कप चहा घेतला. मग टायर चढवण्यापूर्वी त्याने आतून बोट फिरवून काट्याचे तुटलेले टोक काढले आणि माझ्या तळहातावर ठेवले.